कपाटामागची बुरशी

सोळाव्या वर्षी मी तीन आठवडे भिंतीवरची बुरशी लपवून ठेवली होती. देश परका, घर परक्यांचं आणि खोली त्या घरातल्या मुलाची. एक्स्चेंजला, म्हणजे परदेशी कुटुंबात राहून तिथल्या शाळेत शिकायला, जाऊन आलं की लोक बर्फाबद्दल विचारतात, ख्रिसमस मार्केटबद्दल विचारतात, ‘तिकडची माणसं कशी असतात गं?’ म्हणतात. बुरशीबद्दल कुणी विचारत नाही, त्यामुळे ती गोष्ट सांगायची राहूनच गेली.

सप्टेंबर २०१६ ते जुलै २०१७ मी जर्मनीत म्युन्स्टरला होते. घरात होस्ट, म्हणजे यजमान, आई, होस्ट बाबा आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी. थोरला मुलगा माझ्याच वयाचा, तो त्याच वर्षी एक्स्चेंजला इक्वाडोरला गेलेला. म्हणजे मी इथे त्याच्या गादीवर झोपत होते आणि तो तिकडे आणखी कुणाच्या तरी. त्याच्या भिंतीवर प्रॉयसेन म्युन्स्टर या फुटबॉल क्लबचा मफलर खिळ्याला टांगलेला होता. ‘काढून ठेव हवं तर,’ असं होस्ट आई पहिल्याच दिवशी म्हणाली. मी जाईपर्यंत त्याला हात लावला नाही.

पहिली अडचण आली ती हाक मारण्याची. दोघांनाही नावाने हाक मारायची, तीही एकेरीत, असं ठरलं होतं. जर्मनमध्ये घरच्या माणसाला ‘दू’ आणि परक्याला ‘झी’. मला ‘झी’ म्हणायची परवानगी नव्हती आणि ‘दू’ तोंडातून निघत नव्हतं. मग मी कर्त्याशिवायची वाक्यं जुळवायचे. हाक मारायची वेळ आली की जिना उतरून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायचे आणि त्यांचं लक्ष जायची वाट बघायचे. होस्ट बाबा एकदा दचकला आणि त्याच्या हातातली कॉफी सांडली. आता हे लिहितानाही ‘त्या’ लिहू की ‘ती’, असा प्रश्न पडलाच. पण इतके महिने ‘दू’ म्हटलेल्या बाईला मराठीत अहोजाहो केलं तर ती कुणी वेगळीच बाई वाटते. तेव्हा ती आणि तो. आजोबा, म्हणजे ओपा, त्यांना मात्र ‘ते’च.

पहिल्या रविवारी धाकटीने मला शहर दाखवलं, म्हणजे लाम्बर्टी चर्चच्या मनोऱ्यावरचे तीन लोखंडी पिंजरे दाखवले. १५३६ च्या जानेवारीत बंडखोर पंथाच्या तीन पुढाऱ्यांना हालहाल करून मारलं आणि प्रेतं त्या पिंजऱ्यांत टांगली. प्रेतं गेली, पिंजरे अजून आहेत. ही माहिती तिने इतक्या आनंदाने दिली की समोर पिंजरे नसते तर ती आइस्क्रीमचे प्रकार सांगते आहे असंच वाटलं असतं. त्याच मनोऱ्यावर रात्री नऊ ते बारा, मंगळवार सोडून, दर अर्ध्या तासाला शिंग फुंकलं जातं. आगीवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्याचं हे जुनं काम, आणि २०१४ पासून ते एक बाई करते. धाकटीला मोठं झाल्यावर तेच व्हायचं होतं. बाकी धाकटीचं आणि माझं शेवटपर्यंत फारसं जमलं नाही. तिला भाऊ हवा होता आणि मी आले होते. त्यात तिची चूक नव्हती, माझीही नव्हती.

घरात सगळे माझ्याशी हळू बोलायचे. प्रत्येक शब्द सुटा, तोंड जरा जास्त उघडून, शेवटी भुवया वर. चांगुलपणाच होता तो. पण जेवणाच्या टेबलावर त्यांचं आपसातलं जर्मन भराभर चालायचं आणि माझ्याकडे वळताना गाडीने गिअर बदलावा तसं मंद व्हायचं. सगळे हसायचे, मग होस्ट आई विनोद मला समजावून सांगायची, मग मी हसायचे, तेव्हा टेबलावर मी एकटीच हसत असायचे.

संध्याकाळचं जेवण थंड असायचं. आबेंडब्रोट, म्हणजे शब्दशः संध्याकाळचा पाव. प्रत्येकापुढे एक लाकडी फळी, त्यावर काळपट पाव, चीज, चिरलेली काकडी. ताट नाहीच. पहिल्या आठवड्यात मी उपाशी राहिले ते भिडेपोटी. ‘आणखी?’ असं विचारलं की मी आधी ‘नाइन’ म्हणायचे, दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा घेऊ या हिशेबाने. दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही. तिथे नाही म्हणजे नाही. हे समजायला मला पाच दिवस आणि पोटात उठलेली एक कळ पुरली.

बाकीच्या चुका भराभर सांगून टाकते. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे पांढऱ्या, तपकिरी आणि हिरव्या अशा तीन वेगळ्या डब्यांत टाकायच्या, आणि निळी बाटली हिरव्यात. मी त्या टाकायला गेले रविवारी, शांततेच्या दिवशी. शेजारच्या आजी बाल्कनीतून काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण सूर कळला. सायकलला दिवा न लावता रात्री चालवली म्हणून २० युरो दंड भरला. म्युन्स्टरमध्ये सायकल ही वस्तू नसून नागरिकत्व आहे, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. शाळेबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मी दहावीच्या वर्गात मागे बसायचे, आणि नाताळपर्यंत गणित सोडून काही कळत नव्हतं.

ओपांबद्दल मात्र लिहायला हवं. ते ब्याऐंशी वर्षांचे, एकटे राहायचे आणि रविवारी जेवायला यायचे. पेशाने गवंडी. युद्धात शहराचा जुना भाग बॉम्बहल्ल्यांत जवळजवळ सपाट झाला होता. प्रिन्सिपालमार्क्ट या मुख्य रस्त्यावरची कमानीची घरं आज शेकडो वर्षं जुनी वाटतात, पण त्यातली बहुतेक पुन्हा बांधलेली आहेत, १९५० च्या आसपास. ओपा तेव्हा कोवळे उमेदवार, तिथेच चुना कालवायचे. पर्यटक कमानींचे फोटो काढायला लागले की ते माझ्याकडे बघून डोळा मिचकावायचे.

ओपांचं जर्मन मला अजिबात कळायचं नाही, कारण त्यात भलतेच शब्द असायचे. सायकलला ते ‘लेत्सं’ म्हणायचे, छान असेल ते ‘योवल’, आणि पाऊस पडायला लागला की ‘माइमेल्ट’. मला वाटलं माझंच जर्मन कच्चं. पण शाळेतल्या पुस्तकांतही हे शब्द नव्हते. ती मासेमाटं. म्युन्स्टरच्या गरीब वस्त्यांतल्या फिरत्या विक्रेत्यांची, गुराढोरांच्या दलालांची, गवंड्यांची आपसातली बोली. पोलिसांना आणि गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून जर्मन वाक्यात ज्यूंच्या यिडिशमधले आणि रोमा लोकांच्या रोमानीतले शब्द पेरलेली. ओपांनी ती बांधकामावर उचलली. ‘पण ज्यांची ही भाषा होती, त्यांच्यातले कितीतरी पंचेचाळीसनंतर परत आलेच नाहीत,’ असं म्हणून त्यांनी बटाटा घेतला. टेबलावर कुणी काही बोललं नाही. म्युन्स्टरमधून ज्यूंची पहिली हद्दपारी डिसेंबर १९४१ मध्ये झाली, रीगाकडे, हे मला नंतर वाचून समजलं. सिंती आणि रोमा लोकांचंही तेच झालं.

म्युन्स्टरबद्दल एक म्हण आहे: एकतर पाऊस पडत असतो, नाहीतर घंटा वाजत असतात, आणि दोन्ही एकदम चालू असेल तर समजा रविवार. नोव्हेंबरमधल्या अशाच एका रविवारी ओपांनी मला विचारलं, तुमच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात. मी म्हटलं, पाणी. त्यांचा चमचा सूपमध्येच थांबला. ‘पानी?’ रोमानीतही तेच. दुसऱ्या दिवशी मी शहराच्या वाचनालयात जाऊन बसले. रोमानीत कान म्हणजे कान, नाक म्हणजे नाख. रोमा लोकांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी भारतातून निघाले आणि शब्द जवळ बाळगत इथवर आले. मी शेजारी भाषांतराचा कोश ठेवून, बोट ठेवून ठेवून वाचत होते. त्या देशात न अडखळता कळलेले माझे पहिले शब्द जर्मन नव्हतेच.

आता बुरशी.

होस्ट कुटुंबाला मला ठेवून घेण्याचा एक पैसाही मिळत नव्हता, हे नीट लक्षात घ्या. शालेय एक्स्चेंजची ही जुनीच रीत आहे. ए.एफ.एस. ही त्यातली थोरली संस्था, तिची सुरुवात १९१४ मध्ये फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांपासून झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिने मुलांची देवाणघेवाण सुरू केली. वाय.एफ.यू. सुरू झाली १९५१ मध्ये, युद्धाने होरपळलेल्या जर्मनीतली मुलं अमेरिकेत मिशिगनमधल्या घरांत पाठवून. कालपरवापर्यंत शत्रू असलेल्यांच्या पोरांना आपल्या घरात, भाडं न घेता. हे सगळं निघण्याआधीच्या शिबिरात ऐकताना माझे डोळे भरून आले होते. प्रत्यक्षात याचा परिणाम असा झाला की मला त्या घरातला प्रत्येक घास उधारीचा वाटायला लागला. दहा मिनिटं गरम पाण्याने अंघोळ केली तरी अपराधी वाटायचं. अशा माणसाने भिंत खराब केली तर तो काय करेल?

खराब केली ती लाजेने. घरातले सगळे कपडे तळघरात धुतले जायचे आणि तिथेच दोऱ्यांवर वाळत पडायचे, होस्ट बाबाच्या मोज्यांपासून सगळ्यांचं सगळं. माझे आतले कपडे त्या दोरीवर, होस्ट बाबाच्या शर्टाशेजारी? शक्यच नव्हतं. मी ते रात्री बेसिनमध्ये हाताने धुवायचे आणि खोलीत कपाटाच्या मागच्या कडेला, खिडकीखालच्या रेडिएटरवर, खुर्चीच्या पाठीवर असे लपवून वाळत टाकायचे. थंडी वाजते म्हणून खिडकी बंद. रेडिएटरचा खटका पाचवर.

त्या खटक्याबद्दल आधी कळलं असतं तर. त्यावर एक ते पाच आकडे असतात. मला वाटायचं पाच म्हणजे लवकर गरम. तसं नसतं. आकडा म्हणजे तापमान: तीनवर ठेवला की खोली साधारण वीस अंशांवर येते आणि तो आपोआप थांबतो. पाचवर तो थांबायचं नावच घेत नाही. शिवाय दिवसातून तीन-चार वेळा रेडिएटर बंद करून खिडकी सताड उघडायची, पाच मिनिटं, बाहेर शून्याखाली असलं तरी. दमट हवा बाहेर, कोरडी हवा आत. याला त्यांच्याकडे श्टोसल्युफ्टन म्हणतात आणि ते दात घासण्याइतक्या निष्ठेने करतात. होस्ट आईने पहिल्याच आठवड्यात मला हे सगळं सांगितलं होतं. हळू, सुट्या शब्दांत, भुवया वर करून. मी ‘या, या’ म्हणून मान डोलावली होती. एक शब्द कळला नव्हता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक मोजा कपाटामागे पडला. तो काढायला वाकले तर भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात काळे ठिपके. मोहरी सांडावी तसे. बाहेरच्या बाजूची थंडगार भिंत, कपाट तिला चिकटून, मध्ये हवा नाही, आणि माझ्या कपड्यांचं सगळं पाणी तिथे जाऊन बसलेलं. मी ओल्या टूथब्रशने घासलं. ठिपके गेले नाहीत, राखाडी ओघळ मात्र आले. मग मी जगातलं सर्वांत मूर्ख काम केलं: कपाट आणखी आत ढकललं.

तीन आठवडे रोज रात्री मोबाइलचा दिवा लावून फटीतून बघायचे. मोहरीचे हळूहळू डाग झाले, डाग एकमेकांना भेटले. वास यायला लागला, पावसाळ्यात बंद राहिलेल्या पेटीचा. मी परफ्यूम मारायचे. एकदा होस्ट आईने दारातून नाक जरा वर केलं आणि म्हणाली, ‘छान वास आहे.’ रात्रभर झोप नाही. घर न जमल्यास संस्था दुसरं कुटुंब शोधून देते हे मला माहीत होतं. मनातल्या मनात मी माझी बॅग भरलीही होती. मफलर खिळ्यावरच ठेवायचा, हेही ठरलं होतं.

कार्निव्हलच्या, म्हणजे सोंगं घेऊन मिरवायच्या सणाच्या, आदल्या आठवड्यात धाकटीला भावाचा समुद्री चाच्याचा पोशाख हवा होता, आणि तो होता कपाटावरच्या खोक्यात. मी शाळेतून आले तेव्हा ती खुर्चीवर चढून खोकं ओढत होती. कपाट हललं. ती खाली उतरली, मागे डोकावली आणि जिन्यातून ओरडली, ‘शिमल!’ म्हणजे बुरशी. आपल्याकडे ‘साप!’ म्हणून ओरडावं त्या आवाजात.

होस्ट बाबा आला. त्याने कपाट दोन हातांनी ओढून बाजूला केलं आणि बराच वेळ बघत राहिला. टूथब्रशचे ओघळही त्याला दिसले, म्हणजे मला माहीत होतं हेही दिसलं. मग तो बोलायला लागला. रागावून, भराभर, मध्ये श्वास न घेता. बाहेरची भिंत, किती आठवडे, का बोलली नाहीस, मुलाला दमा होता लहानपणी, का नाही बोललीस. मी रडत होते. पण रडता रडता एक गोष्ट जाणवली: मला सगळं कळत होतं. आणि तो हळू बोलत नव्हता. धाकटीवर ओरडतो तसाच, त्याच वेगाने, त्याच अर्धवट तोडलेल्या शब्दांनी तो माझ्यावर ओरडत होता.

मग मीही बोलले. सगळी लिंगं चुकीची, क्रियापदं भलत्या जागी, पण न थांबता. की तळघरात दोरी आहे, दोरीवर तुझे शर्ट आहेत, आणि मला माझ्या चड्ड्या तुझ्या शर्टाशेजारी नाही टाकायच्या!

खोलीत शांतता. होस्ट बाबा कानापर्यंत लाल झाला. दारात होस्ट आई केव्हा आली होती कुणास ठाऊक, ती चौकटीला धरून हसायला लागली आणि थांबेचना. धाकटी म्हणाली, ‘काय झालं?’ तिला कुणीही समजावून सांगितलं नाही.

ओरडणं साधारण आठ मिनिटं चाललं असेल. त्यानंतर त्याने मला हातमोजे आणि नाकावर लावायचा मास्क दिला, खिडकी सताड उघडली, आणि स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्यांनी आम्ही दोघांनी भिंत पुसली. तो वर, मी खाली. साडेसहाला आबेंडब्रोट. टेबलावर बुरशीचा विषय नाही. मी अजून धसक्यात होते, आता खरं बोलणं निघेल, संस्थेला फोन जाईल. काही नाही. ‘चीज दे जरा,’ एवढंच. बोलायचं ते बोलून झालं होतं. हा प्रकार मला आजही पूर्ण पचलेला नाही. मी ज्या रागांत वाढले ते आठवडाभर मुरणारे राग आहेत.

दोन रात्री धाकटीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपले, स्पिरिटच्या वासामुळे. कपाट कायमचं भिंतीपासून एक वीत पुढे आलं. टेबलावर छोटा आर्द्रतामापक आला, मागे होस्ट बाबाच्या हाताने लिहिलेलं: ४० ते ६०. तळघरात दोरीच्या एका टोकाला होस्ट आईने जुनी चादर आडवी लावून दिली. आणि सोमवारी फ्रिजवरच्या कामांच्या तक्त्यावर माझं नाव दिसलं. बुधवार: ओला कचरा, जिना झाडणे. तोवर मी ‘मदत करू का?’ विचारायचे आणि ‘अगं राहू दे’ ऐकायचे. आता विचारायची सोय नव्हती. एका बुधवारी विसरले तर धाकटीने वरच्या मजल्यावरून माझ्या नावाने शंख केला.

सगळं गोड झालं असं नाही. रविवारी दुपारी पाऊस असो वा नसो, सगळ्यांनी मिळून चालायला जायची सक्ती मला कधीच आवडली नाही. होस्ट आई फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहायची, त्याचा वैताग यायचा. पण वैताग आला की मी आता तो दाखवायचे.

जूनमध्ये शहरात शिल्पप्रदर्शन सुरू झालं. म्युन्स्टरला १९७७ पासून दर दहा वर्षांनी ते भरतं, शहरभर, तिकीट नाही. २०१७ ला सगळ्यांच्या तोंडी एकच काम होतं: आयशे एर्कमेन या तुर्की कलावतीने बंदरात, दोन धक्क्यांच्या मध्ये, पाण्याच्या पृष्ठभागाखाली जाळीचा मार्ग बांधला होता. तळाशी मालवाहू कंटेनर, वर लोखंडी जाळी, तीही पाण्याखाली, म्हणून वरून काहीच दिसत नाही. काठावरून बघितलं की माणसं सरळ पाण्यावरून चालत पलीकडे जाताना दिसायची. काही जण सायकल खांद्यावर घेऊन.

माझ्या निघण्याच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे गेलो. इक्वाडोरचा मुलगा दोनच दिवसांपूर्वी परतला होता. जर्मन बोलताना मध्येच थांबून स्पॅनिश शब्द शोधायचा, आणि होस्ट आई त्याच्याशी हळू, सुटं सुटं बोलायला लागली होती. तिला ते कळत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

ओपांनी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्यांच्या पोटऱ्या खडूसारख्या पांढऱ्या होत्या. मी त्यांचे बूट एका हातात घेतले, दुसरा हात त्यांनी धरला. जाळी तळव्यांना टोचत होती. पाणी घोट्याच्या वर आलं, गार, जरासं तेलकट. मधोमध पोचल्यावर ते थांबले आणि दोन्ही काठांकडे बघून घेतलं.

‘पानी,’ ते म्हणाले.

‘पाणी,’ मी म्हटलं. ‘ण. पा-णी.’

त्यांनी दोनदा प्रयत्न केला, जमलं नाही. मग ते मासेमाटंमध्ये काहीतरी भराभर म्हणाले, मागून धाकटी हसली, आणि पलीकडच्या धक्क्यावरून होस्ट बाबा ओरडला की बूट भिजतायत, वर धर.